पहिला भाग घ्यावा की घेऊ नये? ग्रंथ निवड समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
ग्रंथ निवड समिती,
स. न. वि. वि.

श्रावणात आपण माझ्या हातात एक जुनं इंग्रजी पुस्तक आणि एक छापील कागद दिलात. पुस्तक कुणीतरी मुंबईहून देणगीत पाठवलेलं, शिवण सुटलेली, पानं पिवळी. कागदावर तीन चौकोन: 'घ्यावे', 'घेऊ नये' आणि 'शेरा (एका ओळीत)'. सोबत तोंडी सूचना अशी की मालिका सहा पुस्तकांची आहे म्हणे. तुम्ही पहिलं वाचून सांगा, बरं वाटलं तर त्याची एक चांगली प्रत मागवू, चाललं तर पुढचं पुढे बघू.

आता दिवाळी तोंडावर आली. पुस्तक मी दोनदा वाचलं, रविवारच्या वाचनकट्ट्यावर मुलांना मराठीतून सांगत सांगत अख्खं ऐकवलं, आणि कागद अजून कोरा आहे. पहिल्या चौकोनात खूण करायला जाते तर हात अडतो, दुसऱ्यात करायला जीव होत नाही, आणि एका ओळीत तर माझं काहीच मावत नाही. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की कट्ट्यावरच्या मुलांच्या आईवडिलांनीही ते फलकासमोर उभं राहून वाचावं. त्यांतल्या दोघांनी मला रस्त्यात थांबवून विचारलंय, "काकू, तुम्ही पोरांना जादूटोणा शिकवताय?"

पुस्तकाचं नाव 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. लेखिका अर्सुला ल ग्विन, अमेरिकेतली. १९६८ साली आलेलं. आदल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या प्रकाशकाने तिला विचारलं होतं, जरा मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का. (१९६७ म्हणजे आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला ते वर्ष. ज्या कायद्याच्या अनुदानावर आपली समिती चालते तो आणि हे पुस्तक जवळजवळ एका वयाचे आहेत.) गोष्टीतला जादूगार म्हणजे पांढऱ्या दाढीचा म्हातारा, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. तिला प्रश्न पडला, हे म्हातारे पोरसवदा असताना काय करत होते, शिकले कुठे? त्या प्रश्नातून बेटांनी भरलेला एक समुद्र उभा राहिला आणि त्यात जादू शिकवणारी एक शाळा. तसल्या शाळेतला चष्मेवाला इंग्रज पोरगा आज जगभरच्या मुलांना पाठ आहे. ही शाळा त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची.

गोष्टीची सुरुवात गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर. सात वर्षांचा मुलगा, आई तान्हेपणीच गेलेली, मावशी गावातली चेटकीण. एक शेळी गवताच्या छपरावर चढलीय, मावशी ओरडून काही शब्द म्हणते आणि ती उतरते. पोरगा ते शब्द ऐकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी माळावर, अर्थ न कळता, मोठ्याने म्हणतो. शेळ्या येतात. सगळ्या येतात, अंगाला अंग लावून त्याच्याभोवती गच्च उभ्या राहतात आणि पिवळ्या डोळ्यांनी बघत राहतात. तो घाबरून पळतो तर त्याही पळतात, त्याला मध्ये धरून गावात शिरतात. शब्द लावता आला, सोडवता आला नाही.

आमच्या कट्ट्यावर आठवीतला एक मुलगा आहे, घरी वीसबावीस शेळ्या. एरवी तो खिडकीतून बाहेर बघत बसतो. त्या दिवशी म्हणाला, "शेळीचं बुबुळ आडवं असतं काकू. ती नक्की कुठं बघतेय ते कळत नाही. मलापण लहानपणी भ्या वाटायचं." त्यानंतर त्याने एकही रविवार चुकवला नाही. लेखिकेने शेळी नीट बघितलेली आहे, एवढं त्याला पटलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

आता या पुस्तकातली जादू काय आहे ते सांगते, कारण आक्षेप तिच्यावर आहे. इथे मंत्रतंत्र, लिंबू, भस्म काही नाही. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं, जग घडलं त्या जुन्या भाषेतलं. ते ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. दगडाला त्या भाषेत 'तोल्क' म्हणतात. गारगोटीचा हिरा करून दाखवणारा गुरू मुलाला बजावतो की हा नुसता देखावा आहे. खरोखर हिरा करायचा तर दगडाचं नावच बदलावं लागेल, आणि एक दगड बदलला तरी सगळ्या जगाचा तोल हलतो. माणसांचंही तसंच. चारचौघांत वापरायचं नाव वेगळं, खरं नाव वेगळं. ते फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं, कारण नाव सांगणं म्हणजे जीव हातात देणं. आपल्या नायकाला चारचौघांत 'स्पॅरोहॉक' म्हणतात. आम्ही त्याचा 'शिकरा' केला. पक्षी हुबेहूब तोच नाही, पण कूळ एक, आणि वाचनालयामागच्या आंब्यावर तो रोज बसतो. खरं नाव गेड.

मुलांना हे समजवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला ही कल्पना नवलाची वाटत असेल, आपल्या कोकणात ती घराघरात आहे. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो आणि पोपट सापडला की राक्षस संपतो. "म्हणजे नाव हा पोपट," असं सातवीतल्या एका मुलीने सांगून टाकलं आणि माझं पुढचं व्याख्यान वाचलं.

मी मात्र त्या रात्री भलत्याच गोष्टीवर अडकले. माझ्या आजीने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. आजोबांचं नाव विठ्ठल. त्यामुळे घरात हरिपाठ सुरू झाला की 'विठ्ठल' आला तिथे आजीचे ओठ मिटायचे. ती 'पांडुरंग' म्हणून चाल भरून काढायची. उखाण्यात नाव घ्यायची वेळ आलीच तर पदर तोंडावर. आणि तिचं स्वतःचं? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा पाळण्यातलं नाव संपलं. मी दहावीत असताना तांदूळ निवडता निवडता एकदाच तिने ते मला सांगितलं, तेही दार लोटून घेऊन. साठ वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. पुढे मी पोस्टात लागले, तिच्यासाठी बचत खातं उघडलं, छत्तीस वर्षं लोकांची नावं-पत्ते हाताळले. फॉर्मवर अर्थातच सासरचं नाव घातलं. नावात जीव असतो हे मला पुस्तकातून कळायला नको होतं. पण ते कुणीतरी इतकं सरळ लिहून ठेवलंय हे वाचून अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

इथे थोडं लेखिकेच्या घराबद्दल. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मोठे मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा. बाकी सगळे मारले गेलेले किंवा मरून गेलेले. क्रोबरांनी त्याला संग्रहालयात आसरा दिला. त्याच्या रीतीप्रमाणे आपलं नाव आपण सांगायचं नसतं, जमातीतल्या दुसऱ्याने ओळख करून द्यायची असते. आणि दुसरं कुणी उरलंच नव्हतं. म्हणून त्याला 'इशी' म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. १९१६ साली तो गेला, खरं नाव सोबत घेऊन. ल ग्विनचा जन्म १९२९चा, म्हणजे तिने त्याला पाहिलेलं नाही, पण तिच्या आईने पुढे त्याचं चरित्र लिहिलं. ज्या घरात ही गोष्ट माहीत होती त्या घरातल्या मुलीने खऱ्या नावांचा समुद्र लिहिला. हा दुवा माझा मी जोडलाय.

एवढं सगळं आवडल्यावर मग अडलं कुठे, असं आपण विचाराल.

अडलं भाषांतर करताना. गोष्टीचा कणा असा: गेड शाळेत हुशार, पण गर्वाने फुगलेला. एका सहाध्यायाने डिवचलं म्हणून ईर्ष्येने मेलेल्या बाईचा आत्मा बोलवायला जातो, आणि फटीतून भलतंच काही बाहेर येतं. काळं, बिनचेहऱ्याचं. ते त्याचा चेहरा फाडतं. फट बुजवताना शाळेच्या थोर गुरूचा जीव जातो. इंग्रजीत त्या गोष्टीला शॅडो म्हटलंय. पहिले दोन रविवार मी 'सावली' म्हणत होते. "ती त्याच्यावर झेपावली, ती दाराशी उभी राहिली, तिने त्याचा माग काढला." तिसऱ्या रविवारी दहावीतल्या एका मुलीने हात वर केला. "काकू, या पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच. आणि जी आहे ती भूत?"

मी थांबलेच. इंग्रजीत ते 'इट' आहे, ना तो ना ती. मराठीत सावली आपोआप बाई होते. छाया म्हटलं तरी ती, पडछाया म्हटलं तरी ती. अंधार पुल्लिंगी, पण अंधार कुणाच्या मागे लागत नाही. वीस मिनिटं नुसता काथ्याकूट. शेवटी रोज वर्तमानपत्र चाळणारा एक मुलगा म्हणाला, "दुष्काळाचं सावट म्हणतात तसलं सावट?" ते सावट. मागे लागलेलं, अंगावर आलेलं, नपुंसकलिंगी. चपखल बसलं. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर गेडचं सावट आहे.

लिंग मी सुधारून घेतलं, पण त्या मुलीचा मूळ मुद्दा सुधारता आला नाही. पुस्तकात खरंच बायका नाहीत म्हटलं तरी चालेल. जादूच्या शाळेत एक मुलगी नाही. नऊ गुरू, नऊही पुरुष. पहिल्याच प्रकरणात गाँटवरच्या दोन म्हणी दिल्यात, एकीचा अर्थ बायकांची जादू दुबळी, दुसरीचा अर्थ बायकांची जादू दुष्ट. मावशी अडाणी आणि लोभी. डोंगरावर भेटणारी एक मुलगी गेडला भरीला घालते, तीच पुढे उत्तरेकडच्या गढीत राजस बाई होऊन त्याला मोहात पाडू बघते, आणि मरते. मित्राची धाकटी बहीण गोड आहे, चुलीपाशी आहे. आई तर पहिल्या पानांतच आटोपली. बाईने लिहिलेलं पुस्तक, आणि त्यात माझ्या आजीला जागा नाही. ज्या गोष्टीत नावावर सगळं उभं आहे, त्या गोष्टीत नाव पुसलं गेलेल्यांची गोष्टच नाही.

दुसरी तक्रार कमी गंभीर, पण कट्टा चालवणाऱ्या बाईला तीच जास्त छळते. मधला भाग रेंगाळतो. गेड या बेटावरून त्या बेटावर, तिथून गलबताने तिसऱ्या बेटावर, आणि प्रत्येक बेटाचं नाव लक्षात ठेवा. लेखिका पुराण सांगितल्यासारखी उंचावरून सांगते; संवाद थोडे, विनोद जवळपास नाहीच. त्या उत्तरेकडच्या गढीच्या प्रकरणात मला स्वतःला डुलकी आली. अकरा मुलांनी सुरुवात केली होती, सात उरली. गेलेल्या चौघांना मी दोष देत नाही. एकाने जाताना सांगितलं, "मारामारी कधी येणार?" फारशी येत नाही. ड्रॅगन येतात, पिल्लांशी थोडी झटापट होते, पण मोठ्या ड्रॅगनला गेड खऱ्या नावाने हाक मारतो आणि शपथेत बांधतो, बस. इथे राज्य जिंकायचं नाही, काळ्या राजाला मारायचं नाही. शत्रू जो काही आहे तो पोराने स्वतःच आणलेला आहे.

आणि हेच सांगताना माझा सूर परत बदलतो. तीन प्रसंग सांगते, तेवढ्यासाठी तरी हे पुस्तक कपाटात असावं.

अपघातानंतर गेड कित्येक महिने खाटेवर. उठतो तो चेहऱ्यावर व्रण घेऊन, अडखळत बोलणारा. ज्याच्यापायी गुरू गेले अशा पोराजवळ कोण बसणार? त्याचा मित्र व्हेच शाळा संपवून घरी निघताना त्याला भेटायला येतो आणि आपलं खरं नाव सांगतो. गळाभेट नाही, भाषण नाही. कधी गरज पडली तर या नावाने हाक मार, एवढंच. सात मुलं इतकी गप्प झाली की खालच्या खोलीत कुणीतरी वर्तमानपत्राची घडी घातली ती ऐकू आली.

दुसरा प्रसंग एका गरीब बेटावरचा. होड्या बांधणाऱ्या शेजाऱ्याचं पोर तापाने फणफणलंय. गेडला शिकवलेलं असतं की मरणाऱ्याला जाऊ द्यावं. पण बापाचा चेहरा बघवत नाही, म्हणून तो पोराच्या मागे मेलेल्यांच्या मुलखात, दगडी गडग्याच्या पलीकडे उतरतो. पोर हाताला लागत नाही. हा स्वतःच मेल्यासारखा पडतो, आणि त्याला परत आणतं कोण, तर त्याने पाळलेलं मुंगसाएवढं जनावर, त्याचे हात-तोंड चाटून. पोर मेलेलंच राहतं. मुलांच्या पुस्तकात मूल मरतं आणि परत येत नाही. आपल्यापैकी एका सदस्यांना हे 'निराशाजनक' वाटलं असं कानावर आलं. कट्ट्यावरच्या एका मुलाचा धाकटा भाऊ गेल्या पावसाळ्यात गेला. तो त्या रविवारी शेवटपर्यंत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्याने माझ्याकडे. जाताना मात्र त्याने सतरंजी गुंडाळून ठेवली, एरवी तो ठेवत नाही.

तिसरा हलका आहे. शाळेत शिरताना द्वारपालाला आपलं खरं नाव सांगावं लागतं. शाळा सोडताना उलट: द्वारपालाचं नाव तुम्ही शोधून काढायचं, तरच दार उघडणार. मी तिथे पुस्तक मिटलं आणि मुलांना आठवडा दिला. काय काय उपाय आले! झोपेत बोलतो का बघायचं, त्याच्या बायकोला विचारायचं, रेशनकार्ड बघायचं. गेड रात्रभर डोकं खाजवतो आणि सकाळी सरळ द्वारपालाला म्हणतो, जोर लावून नाव काढून घेईन एवढी माझी ताकद नाही, फसवीन एवढी अक्कल नाही. तेव्हा विचारतो, तुमचं नाव काय? द्वारपाल हसतो आणि सांगतो. "एवढंच?" असं सातही जण एकदम ओरडले. हो, एवढंच. पण आल्या दिवशीच्या गेडला ते जमलं नसतं.

याच शाळेत नावं शिकवणारा एक गुरू एकाकी मनोऱ्यात राहतो. तो नावांच्या याद्या देतो, त्या मध्यरात्रीपर्यंत पाठ करायच्या, कारण बारा वाजले की शाई उडून जाते आणि कागद कोरा. दहावीच्या मुलांनी याला कल्पनारम्य साहित्य मानायला साफ नकार दिला.

आता आपल्या आक्षेपांबद्दल. कुणीतरी २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव काढलं म्हणे. त्या कायद्याला आमच्या कट्ट्याची काळजी करण्याचं कारण नाही. या पुस्तकातला सगळ्यात मोठा जादूगार, गेडचा पहिला गुरू, पाऊस पडत असताना तो थांबवत नाही, झाडाखाली जाऊन निजतो. पोरगा वैतागतो, की मग जादूगार असून उपयोग काय. त्याचं उत्तर पोराला पुढे शंभर-दीडशे पानं भटकून मिळतं.

मुखपृष्ठाबद्दल मात्र मी स्वतःच तक्रार करते. देणगीच्या प्रतीवर गोरापान पोरगा आहे. आत स्पष्ट लिहिलंय की गेड तांबूस काळसर वर्णाचा, व्हेच त्याहून काळा, आणि या समुद्रातली बहुतेक माणसं तपकिरी. गोरे आहेत ते गावं जाळायला येणारे कार्ग लोक. १९६८ साली एका अमेरिकन बाईने हे मुद्दाम केलं, आणि पुढची कित्येक वर्षं मुखपृष्ठवाले पोराला धुऊन काढत राहिले. २००४च्या दूरचित्रवाणी मालिकेतही गोरा गेड आला तेव्हा तिने जाहीरपणे फटकारलं. आमच्या कट्ट्यावर हा शोध एका मुलीने लावला. वर्णनाचं वाक्य वाचून झाल्यावर तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मुखपृष्ठ बघितलं, आपला हात चित्राशेजारी धरला आणि म्हणाली, "मग हा कोण?" नवी प्रत मागवाल तेव्हा मुखपृष्ठ बघून मागवा, एवढी विनंती.

मुख्य मागणी वेगळी आहे. पहिला भाग घ्यायचा आणि चालला तर पुढचे, हे आपलं धोरण मला मान्य नाही. कपाट क्रमांक सातमध्ये आज वेगवेगळ्या मालिकांचे पहिले भाग उभे आहेत, दुसरे नाहीत. पंगतीला वरणभात वाढून वाढपी गायब. मुलं दोन-दोन वर्षं विचारत राहतात, मग विचारायची थांबतात, आणि आपल्या अहवालात लिहिलं जातं की कुमारवयीन वाचक कमी होत आहेत. बाकीच्या मालिकांचं काय करायचं ते आपण ठरवा. पण या मालिकेत पहिलं पुस्तक एकटं घेणं म्हणजे सरळसरळ अर्धं वाक्य घेणं आहे.

कारण बाईने पुढे काय केलं ते बघा. १९७१च्या आसपास आलेलं दुसरं पुस्तक, 'द टूम्ब्स ऑफ अतुआन', मी माझ्या पैशाने मागवून वाचलं. त्यात नायक नाही, नायिका आहे. तेनार नावाची चिमुरडी देवळातल्या अंधाऱ्या शक्तींना वाहिली जाते. तिथे तिचं नाव काढून घेतात आणि तिला 'आर्हा' म्हणतात, खाल्ली गेलेली. तीही गोऱ्या कार्गांपैकीच, ज्यांनी पहिल्या पुस्तकात गावं जाळली. ती तळघरातल्या भुयारांत वाढते, आणि तिथे चोरून शिरलेला गेड तिला सगळ्यात आधी काय देतो, तर तिचं नाव. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी उठून पाणी प्यायले. आजी तिथे होती. पहिल्या पुस्तकात जिला जागा नव्हती ती दुसऱ्यात भुयारात बसली होती.

तिसरं वाचलं, ठीक आहे, त्याला तिकडचं मोठं पारितोषिक मिळालं. मला थोडं कोरडं वाटलं. चौथं, 'तेहानू', १९९० साली आलं, अठरा वर्षं मध्ये गेल्यावर. तेनार आता शेतावरची विधवा, गेडची सगळी जादू संपलेली, आणि दोघांच्या पदरात आगीत भाजलेली एक पोर. ज्या गावठी चेटकिणींना पहिल्या पुस्तकाने दोन म्हणींत उडवून लावलं होतं, त्यांतली एक इथे घरातली माणूस म्हणून वावरते. ल ग्विनने १९९२ साली ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात मोकळेपणी मांडलं, की वीरकथा पुरुषांची असते ही परंपरेची चौकट आपणही तेव्हा तशीच उचलली होती. तिने पहिलं पुस्तक मागे घेतलं नाही, झाकलं नाही. त्याच जगात परत गेली आणि जे दिसलं नव्हतं ते लिहिलं. आमच्या दहावीतल्या मुलीने हात वर करून विचारलेला प्रश्न तिने स्वतःला बावीस वर्षांनी विचारला.

चौथं पुस्तक मुलांच्या कपाटात ठेवू नका. त्या पोरीला मोठ्या माणसांनी जे केलंय ते सोळा वर्षांखालच्या मुलाने एकट्याने वाचू नये असं माझं मत. मोठ्यांच्या विभागात ठेवा, अकरावी-बारावीतलं कुणी मागायला आलं तर मला हाक मारा. पहिलं आणि दुसरं मात्र जोडीनेच मागवा. पैशाची अडचण असेल तर दुसऱ्याची माझी प्रत मी देणगी म्हणून नोंदवायला तयार आहे, फक्त शिक्का पानाच्या मजकुरावर मारू नका.

आपला छापील कागद सोबत जोडला आहे. वरचे दोन्ही चौकोन रिकामे ठेवलेत. शेऱ्याच्या ओळीत लिहिलंय: 'दुसऱ्या भागासह.'

आपली नम्र,
एक आजीव सभासद (रविवारचा वाचनकट्टा)

ता. क. पुस्तकाच्या मधल्या एका पानावर हळदीचा डाग माझ्याकडून पडला आहे, नियमाप्रमाणे दंड भरते. आणखी एक. आजीची गोष्ट मी मुलांना सांगितली, तेव्हा साहजिकच सातही जणांनी तिचं पाळण्यातलं नाव विचारलं. दुसरं पुस्तक कट्ट्यावर सुरू होईल त्या रविवारी सांगेन असं कबूल करून बसलेय. तेव्हा मागणीपत्र जरा लवकर काढावं.